सगळ्या गावाचा ईमेल

कुरुंद्यात ईमेल असलेली माणसं किती, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, एक. तो मी. वैजनाथ, बसस्टँडसमोरचं ऑनलाईन सेंटर. बाकी गावाकडे आधार आहे, पॅन आहे, दिवसभर रील बघायला मोबाईल आणि नेट आहे, फक्त ईमेल नाही. तसे मी बऱ्याच जणांना काढून दिले होते. आठ दिवसांत पासवर्ड विसरायचे आणि माझ्याच नावानं बोंब मारत यायचे. शेवटी मी ती भानगड बंद केली. फॉर्ममध्ये ईमेलचा रकाना आला की माझा टाकायचा आणि पुढे जायचं.

लोकांनाही तेच बरं वाटे. "तुमचाच टाका ना भाऊ," म्हणायचे. पहिली दोन-तीन वर्षं मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. भरती, प्रवेश, पीकविमा, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, सगळ्या गावाची पत्रं माझ्या दारात येत होती. पोस्टमनला नसेल एवढा मान मला होता.

पुढे पत्रं इतकी झाली की मी ती उघडायची सोडली. गेल्या सप्टेंबरात न वाचलेल्या मेलचा आकडा सत्तावन्न हजार तीनशे सोळा होता. आमच्या गल्लीतली गोजरबाई वारून दोन वर्षं झाली, तिला अजून दर सोमवारी मेल येतो की प्रिय गोजरबाई, आपली माहिती अपूर्ण आहे. ती पूर्ण करायला आता मी कुठे जाऊ? साड्यांचे सेल, बँकांची कर्जं, परदेशातल्या नोकऱ्या, सगळं एकाच ढिगात पडलेलं. कुणी येऊन विचारलं, "काई आलं का?" तर माझं उत्तर ठरलेलं होतं. न्हाई अजून. नजर स्क्रीनवरून न काढता सांगायचो. खरं तर बघायचोच नाही. सरकारी कामं उशिरानंच होतात, त्यामुळे दहातल्या नऊ वेळा ते खरं निघायचं. दहाव्या वेळी त्या माणसाच्या फोनवर मेसेज येई आणि त्याचं काम होऊन जाई.

सोमेश्वर आणि शिवकन्यावहिनींच्या बाबतीत मात्र तो मेसेजही माझ्याच फोनवर येणार होता.

सोमेश्वर माझ्या वर्गातला. हंगामात हळद शिजवायचा कुकर घेऊन शेताशेतांत फिरतो, बाकी वर्षभर स्वतःची पाच एकर करतो. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवतात. लग्नाला सतरा वर्षं झाली, मूल नाही. दवाखाने नांदेडपर्यंत करून झाले. चार वर्षांपूर्वी एका दुपारी दोघं माझ्याकडे आले, गिऱ्हाईक हटेपर्यंत सातबाऱ्याचं निमित्त करून बसून राहिले, आणि मग सोमेश्वर हळूच म्हणाला की दत्तक बाळासाठी सरकारचं पोर्टल असतं म्हणे, तिथं नाव टाकायचं आहे, आणि याच्यातलं गावात कुणाला कळता कामा नये.

कळता कामा नये ते सोमेश्वरच्या थोरल्या भावाला, उत्तमरावांना. त्यांना दोन मुलगे. धाकटा आयुष पाळण्यात होता तेव्हाच त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की हा सोमेश्वरच्या मांडीवर. म्हणजे पाच एकर घरातल्या घरात. भावकीनंही माना डोलावल्या होत्या. चूल वेगळी असली तरी घर एक, अंगण एक, आणि घरातला मोठा फोन सदा आयुषच्या हातात. सोमेश्वरकडे बटणांचा डबा होता, त्यावर मेसेज आला तरी तो वाचायला आयुषलाच द्यावा लागे. म्हणून फॉर्ममध्ये ईमेल माझा आणि मोबाईल नंबरही माझाच. मीच सुचवलं होतं ते. काही काळजी करू नका, आलं की मी सांगतोच, असंही म्हणालो होतो.

पुढे हिंगोलीहून एक मॅडम घर बघायला येऊन गेल्या. भावकीला सांगितलं की बचत गटाची तपासणी आहे. वहिनींनी त्यांना थालीपीठ खाऊ घातलं, मॅडमनी चांगला शेरा दिला, आणि नाव यादीला लागलं. यादी लांब होती, वर्षं जाणार होती. नंबर लागला की बाळाची माहिती मेलवर येणार, अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवायचा, नाही कळवला तर बाळ पुढच्या जोडप्याला. अशा तीन संधी. तिन्ही गेल्या की नाव यादीतून बाहेर. सोमेश्वर तेव्हा बेचाळीसचा होता. पुन्हा नाव घालू म्हटलं तर वयाच्या हिशेबात तान्हं लेकरू मिळणार नव्हतं. हे सगळं मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

वहिनी महिन्या-दीड महिन्यानं यायच्या. कधी रेशनची केवायसी, कधी बँकेचं काही. निघताना पदर सावरत विचारायच्या, "भाऊ, काई आलं का?" आणि मी म्हणायचो, न्हाई अजून.

गेल्या सप्टेंबरात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुकानात चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव पुरणपोळी खाऊन आडवं झालेलं. मीही झोपलोच असतो, पण आदल्या दिवशी एका मुलीचा ओटीपी मेलवर येईना, बघतो तर वर लाल पट्टी. जागा संपली. नवी पत्रं येणं बंद. म्हणून मी ढीग उपसायला बसलो. युक्ती सोपी होती. एकेका कंपनीचं नाव शोधायचं, सगळे मेल एकदम निवडायचे आणि उडवून द्यायचे. साड्यांचे नऊ हजार गेले. नोकऱ्यांचे अकरा हजार गेले. आकडा भराभर उतरत होता आणि मला मजा यायला लागली होती. एवढं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं काहून रडत होतो, असं मनात आलं.

मग यादीत दत्तकाच्या पोर्टलचं नाव दिसलं. एकोणीस मेल होते, एकही उघडलेला नाही. बहुतेक आपली माहिती मिळाली, आपला अहवाल मंजूर झाला असल्या छापाचे. पण त्यातला एक आदल्या वर्षीच्या जुलैचा होता. अभिनंदन, आपल्यासाठी बाळ सुचवण्यात येत आहे. मुलगी, वय सात महिने, तब्येत ठीक. अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवावा. त्याच्या वर आठवण, चोवीस तास उरले. त्याच्या वर आणखी एक, सहा तास उरले. त्याच्या वर, आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे. पुढे त्यानंतरच्या एप्रिलचा. मुलगा, अकरा महिने. पुन्हा तीच पायरी, चोवीस तास, सहा तास, उत्तर न आल्यामुळे.

फोनमधले मेसेज उघडून बघितले, तिथंही सगळं आलेलं होतं. रोजच्या दीडशे-दोनशे ओटीपींच्या खाली दबलेलं. त्या मेसेजांचा आवाज मीच बंद करून ठेवला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. पण तारखांच्या आजूबाजूला बघायची दुर्बुद्धी झाली. जुलैच्या त्या मेलच्या दुसऱ्या दिवशीची एक पोचपावती होती, दुपारी एक वाजून दहा मिनिटांची, नाव शिवकन्या सोमेश्वर. बँकेची केवायसी. म्हणजे त्या दिवशी वहिनी माझ्यासमोर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा अंगठा मी मशीनवर दाबून घेतला होता. मुलीचे अजून वीस-बावीस तास शिल्लक होते. आणि निघताना त्यांनी विचारलंच असणार. मला ते आठवत नाही. आठवत नाही याचीच मला लाज वाटली, आणि आजही वाटते.

ते एकोणीस मेलही एका बटणात गेले असते. कुणाला काही कळलं नसतं. बोट तिथवर गेलं होतं, पण मी ते केलं नाही. यात फार मोठेपणा नाही, कारण मी दुसरीही गोष्ट केली नाही. उठून शंभर पावलांवरच्या सोमेश्वरच्या घरी गेलो नाही. मनाशी म्हटलं, आज सणाचा दिवस आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, वहिनींना धक्का बसेल. आठ दिवसांनी म्हटलं, अजून तिसरी संधी आहेच, ती आली की पेढे घेऊनच जाऊ, मग मागचं कोण विचारतंय. खरं कारण एकच होतं. मला भीती वाटत होती. सोमेश्वर मला मारेल याची नाही. तो काही बोलणार नाही, नुसता बघत राहील, याची.

मग मी सुधारलो. सगळा ढीग आठवड्याभरात साफ केला. दत्तकाच्या मेलला फोनवर वेगळी घंटी लावली. रोज सकाळी दुकान झाडायच्या आधी पोर्टल उघडून बघायला लागलो. गावातल्या प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल काढायचा, पासवर्ड वहीत लिहून सही घ्यायची, असा नेम केला. लोक वैतागले. नमाज पढून येता येता अल्लाबक्षचाचा रोज दुकानात डोकावायचे, ते म्हणाले, "काहून एवढी तकलीफ घेऊन राहिला रे? तुझाच टाक ना, जसा टाकत व्हता." मी त्यांच्यावर उगाच खेकसलो.

दिवाळीच्या सुमारास वहिनी आल्या. विचारायच्या आधीच मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, पोर्टल उघडून दाखवलं, म्हटलं, बघा वहिनी, आज सकाळीही बघितलं, काही नाही. त्या जरा चमकून माझ्याकडे बघत राहिल्या. मग चकल्यांची पिशवी टेबलावर ठेवून गेल्या. त्या चकल्या मी घरी नेल्या, पण मला एकही खाववली नाही.

फेब्रुवारी संपता संपता, हळदीच्या धबडग्यात, एका सकाळी उत्तमराव दुकानात आले. मागे सोमेश्वर. उत्तमरावांच्या हातात वकिलानं वसमतहून लिहून दिलेला कागद होता, तो टाईप करून हवा होता. दत्तकपत्र. आयुष उत्तमराव याचा आयुष सोमेश्वर होणार. पोरगं पंधराचं व्हायच्या आत उरकायचं, पुढच्या सोमवारी वसमतला नोंदणी आणि त्याच दिवशी भावकीला जेवण. उत्तमराव खुर्चीत पसरून बसले आणि म्हणाले की बराबर टाईप कर, एक मात्रा चुकायला नको. आणखी एक ओळ वकिलानं घातली नव्हती ती त्यांना तोंडी पक्की करून घ्यायची होती. सोमेश्वरनं यापुढे दुसरं कुणाचं लेकरू घरात आणायचं नाही. ती म्हणे जेवणाच्या पंगतीत चार माणसांसमोर वदवून घेणार होते.

मी टाईप करत होतो आणि सोमेश्वर माझ्या मागे उभा होता. उत्तमराव फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा तो खाली वाकला. अंगाला शिजलेल्या हळदीचा वास.

"काई?" एवढंच म्हणाला.

माझ्याजवळ सांगायला काय नव्हतं? तुझा नंबर दोनदा लागून गेलाय, तिसरा कधीही लागेल, थांब, ही सही करू नकोस. एवढं बोलायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. उत्तमराव पाठमोरे होते. पण त्यातलं पहिलं वाक्य टाळून दुसरं बोलता येत नव्हतं. नंबर जवळ आलाय हे तुला कशावरून कळलं, असं त्यानं विचारलं असतं तर?

"न्हाई अजून," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. म्हणाला की चार वर्षं झाली, एकदासुद्धा इचारलं न्हाई त्यांनी, आमच्यासारख्याला कोण देतंय लेकरू. शिवकन्या न्हाई म्हणत व्हती, पण किती दिवस भावाचं मन मोडायचं. मी प्रिंट काढून दिली. दोन प्रती जास्तीच्या काढल्या. एकही मात्रा चुकली नव्हती.

सोमवारी जेवण झालं. मीही जाऊन जेवून आलो, न जाऊन कसं चालेल. आयुष नव्या ड्रेसमध्ये फोन बघत बसला होता. वहिनी पंगतीत बुंदी वाढत होत्या. चार माणसांसमोर सोमेश्वरनं शब्द दिला. रात्री झोपायला आयुष आपल्या आईकडेच गेला, आणि पुढेही तिथंच राहणार होता. अंगण ओलांडायचीसुद्धा त्याला गरज पडली नाही. फक्त नाव बदललं.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी घंटी वाजली.

मी त्या घंटीची सहा महिने वाट बघत होतो आणि वाजली तेव्हा कळलंच नाही कशाची आहे. मग मेल उघडला. मुलगी, वय एक वर्ष दोन महिने, नाव आरोही. या वेळी मी पोर्टलमध्ये जाऊन फोटो उघडला. मोठ्या मापाचा फ्रॉक, एका पायात मोजा, एक पाय उघडा. बघत होती कॅमेऱ्याकडे नाही, बाजूच्या कुणाकडे तरी, आणि तोंड उघडं, आता हसेल की रडेल कळत नव्हतं. समोर शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी सात-आठ पोरं रांगेत होती. त्यांना उद्या या म्हटलं, शटर ओढलं आणि गाडी काढली.

सोमेश्वर ओढ्याकडच्या शेतात सापडला. कुकर वाफ सोडत होता, दोन बाया शिजलेली हळद पसरत होत्या. मी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. मुलगी आहे, सव्वा वर्षाची, परवा दुपारपर्यंत मुदत आहे, आत्ता हो म्हण. कायद्यानं मुलगा असला तरी मुलगी घेता येते, मी चौकशी करतो, आपण उत्तमरावांना समजावू. मी फार भराभर बोलत होतो. तो ऐकत होता आणि हाताची हळद गमज्याला पुसत होता. पुसून झाली तरी पुसत होता.

शेवटी तो म्हणाला, "आता कसं व्हतंय भाऊ. माणसांत शब्द देऊन बसलो. चार वर्षांत एकदा आलं, ते बी आत्ताच यायचं व्हतं का?"

मी म्हटलं, शब्द मोडता येतो. तो माझ्याकडे बघून हसला, वाईट हसला. म्हणाला की महिनाभर आधी आलं असतं तर बात न्यारी व्हती. नुसतं कळलं असतं की आपला नंबर सरकून राहिलाय, तरी दादाला टाळत राहिलो असतो. चौदा वर्षं टाळलंच की. आपण म्हणलं, तिथं आपलं नावच न्हाई. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुझा यात काय कसूर, तू तर पळत आला. पिवळा हात होता. माझ्या शर्टावर त्याचा डाग पडला.

तिथंच सांगायला हवं होतं. मागच्या बाया बघत होत्या म्हणून सांगितलं नाही, असं मी त्या वेळी धरून चाललो. संध्याकाळी मात्र मी पक्कं ठरवलं. उद्या सकाळी दोघांना बोलवायचं, दोन्ही मेल समोर ठेवायचे, होईल ते होऊ द्यायचं. मारायचं तर मारा म्हणावं. कदाचित त्या रागातच ते उत्तमरावांना दिलेला शब्द मोडतील आणि पोरगी घरी आणतील, असंही वाटलं. ते वाटणं इतकं बरं होतं की मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर वहिनी पायरीवर बसलेल्या होत्या. शाळेची वेळ व्हायला तासभर होता. सोमेश्वरनं त्यांना सांगितलेलं होतं. आत येऊन त्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, फोटो असंल तर दावा.

मी दाखवला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली आणि बघत राहिल्या. किती वेळ, मी घड्याळ बघितलं नाही. मधे एकजण झेरॉक्सला आला, त्याला मी हातानंच घालवलं.

"नाव काय म्हणले?"

"आरोही."

त्यांनी ते नाव एकदा म्हणून बघितलं. मग विचारलं की आपण न्हाई म्हणलं तर हिचं काय व्हतं. मी सांगितलं, यादीतल्या पुढच्या जोडप्याला विचारतात, ते हो म्हणाले की जाते. आणि आपण काहीच बोललो नाही तर? तर उद्या दुपारपर्यंत थांबतात, मग पुढे.

"मग आत्ताच न्हाई म्हणून टाका," वहिनी म्हणाल्या. "आपल्यापायी लेकरू काहून एक दिवस जास्ती बसून राहील."

मी म्हटलं, वहिनी, थांबा, अजून वेळ आहे, मी उत्तमरावांशी बोलतो. त्यांनी मान हलवली. रात्री बोलणं झालं होतं. त्या भर अंगणात जावेच्या पाया पडल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं, पीठ मळताना सांगावं तसं. जाऊ रडली म्हणे, पण उत्तमराव आतून बाहेर आले नाहीत. सोमेश्वर भिंतीकडे तोंड करून पडून होता. आता शाळेत तांदूळ भिजवायला उशीर होतोय, उरकून टाका.

मी नकाराचं बटण दाबलं. पोर्टलनं कारण विचारलं. यादी होती कारणांची, मी ती वाचलीसुद्धा नाही, शेवटचं, इतर, ते निवडलं. फोटो गेला. त्यासोबत नावही यादीतून गेलं, तसं खाली लिहून आलं, पण ते इंग्रजीत होतं आणि वहिनींनी विचारलं नाही.

त्या उठल्या. आता, मी मनाशी म्हटलं. आता सांग. दाराशी जाऊन त्याच मागे वळल्या.

"भाऊ, एक इचारते. खरं सांगा. याच्या आधी कधी आलं व्हतं का?"

मला वाटतं माणसाला एवढी सोपी वाट पुन्हा मिळत नाही. मला काही सुरू करायचं नव्हतं, फक्त हो म्हणायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. रात्रभर न झोपलेलं तोंड, पण शांत झालेलं. यांना आता सांगू की सात महिन्यांची एक होती, तुम्ही त्या दिवशी याच खुर्चीत होता? सांगून त्यांच्या हाताला काय लागणार होतं? असा विचार मी केला. आणि तो विचार त्यांच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "हेच पहिलं."

वहिनींनी मोठा श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मनगटानं पुसलं.

"बरं झालं इचारलं. दिवाळीपासून माझ्या मनात किडा वळवळत व्हता. तुमी तवापासून बघून सांगायला लागले. त्याच्या आधी न बघताच सांगायचे. मला वाटायचं, आधी येऊन गेलं असंल, अन् तुमी बघितलंच नसंल. लई बेकार वहीम घेतला मी तुमच्यावर. यांच्यापाशी बी बोलले न्हाई कधी, पण मनातल्या मनात तुमाला शिव्या दिल्या." त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं. माफ करा भाऊ."

मी म्हणालो, "असू द्या, वहिनी."